या शनिवारी जा

पत्र : माझं वय ५४. आईला स्मृतिभ्रंश झाला होता, शेवटची सहा वर्षं मीच तिचं सगळं केलं. वर्षभरापासून माझ्याही तोंडात नावं अडकतात. आतल्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. भीतीने रोज रात्री मोबाइलवर मेंदूचे खेळ खेळते. गुण कमी पडले की पुन्हा खेळते. झोपायला साडेबारा होतात आणि पाचला उठावं लागतं. मैत्रिणींचा शनिवारचा वाचनगट सोडला. चौघी एकदम बोलायला लागल्या की मला धागा सापडत नाही, भलतंच उत्तर देते, मग लाज वाटते. माझीही आईसारखीच गत होणार का?

ताई,

जिने स्वतःच्या आईच्या तोंडून "तू कोण गं?" हे ऐकलंय, तिला एक नाव आठवलं नाही तरी धस्स होणारच. त्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. पण ती तुमच्याकडून जे करवून घेतेय, ते थांबवायला हवं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आईला झाला म्हणून तुम्हालाही होईलच, असं नाही. उतारवयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशात घरात कुणाला तो असेल तर धोका थोडा वाढतो, पण तेवढ्याने काही ठरत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली आपल्या हातात असलेली १४ कारणं सांगितली आणि ती हाताळली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज दिला. रक्तदाब, मधुमेह, बैठं आयुष्य, धूम्रपान ही त्यातली ओळखीची नावं. त्याच यादीत एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. या दोन्हींसाठी तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं.

"चौघी एकदम बोलायला लागल्या की धागा सापडत नाही" हे वाक्य तुम्ही स्मरणशक्तीबद्दल लिहिलंय. मला त्यात कान दिसतो. ऐकू कमी यायला लागतं तेव्हा आधी शांत खोलीत, समोरासमोर सगळं नीट कळतं. गलक्यात मात्र शब्द एकमेकांत मिसळतात. मग अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच मेंदूची ताकद जाते, लक्षात ठेवायला फारशी उरत नाही. जे नाव कानावर नीट पडलंच नाही, ते आठवणार कुठून? माझ्या मावशीला आम्ही दोन वर्षं विसराळू समजत होतो. श्रवणयंत्र लावल्यावर ती पुन्हा गप्पांत आली आणि आम्हाला आमचीच लाज वाटली. तुमचंही असंच असेल, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण कानाची तपासणी दुखत नाही, फार वेळही घेत नाही. तेवढी कराच.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या, कमी ऐकू येणाऱ्या जवळपास हजार जणांवर तीन वर्षं एक अभ्यास झाला, २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. श्रवणयंत्रामुळे सगळ्यांना सारखा फायदा झाला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्या आकलनातली घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली.

आता रात्रीचे ते खेळ. आजच बंद करा. अशा खेळाने माणूस मुख्यतः त्याच खेळात तरबेज होतो. रोजच्या जगण्यातली आठवण त्याने सुधारते असं खात्रीने म्हणता येत नाही. आणि त्यासाठी तुम्ही झोप गमावताय! दिवसभरात पाहिलेलं, ऐकलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत होतं. साडेचार तास झोपून जी बाई दुसऱ्या दिवशी नावं विसरते, तिच्या मेंदूला दोष देण्याआधी मी तिला झोपायला पाठवेन. निदान सात तास हवेत. पाचला उठणं टळत नसेल, तर दिवा दहाच्या आत मालवायला हवा. तुमच्या वयात पाळी जाण्याच्या काळातही झोप मोडते आणि शब्द अडकतात, हेही डॉक्टरांशी बोला.

त्यांच्याकडे जालच, तर रक्तदाब, साखर, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. बी-१२ किंवा थायरॉइडच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, पैशांचे सवयीचे व्यवहार जमेनासे झाले किंवा घरच्यांनाच बदल जाणवला, तर मात्र दिवस घालवू नका.

आणि चाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्कर माणसं होती. त्यातली निम्मी आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालली. वर्षभरात त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. प्रयोग लहान होता, पण उतारवयातही मेंदूचा हा भाग वाढू शकतो, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

राहिला वाचनगट. तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबू नका, या शनिवारीच जा. चार माणसांत बोलताना मेंदू ऐकतो, आठवतो, शब्द शोधतो, समोरचीचा चेहरा वाचतो, सगळं एकाच वेळी. तो व्यायाम मोबाइलवर मिळत नाही. जिच्यावर विश्वास आहे अशा एकीला आधी फोन करून खरं काय ते सांगा. खोलीच्या मधोमध बसू नका, भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे समोर राहतील. पंखा किंवा टीव्ही बंद करायला सांगा. धागा सुटला की "एकेकीने बोला गं, मला नीट ऐकू येत नाहीये" एवढंच म्हणा.

कानांचं काय निघालं, ते मला जरूर कळवा.