पर्यावरणीय आरोग्याच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास

नागपूर

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

नोंदणीकृत पर्यावरणीय आरोग्य व्यावसायिक, म्हणजे पाणी, अन्न, डास, सांडपाणी यांतून रोग पसरू नयेत म्हणून तपासणी करणारा माणूस, होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी, असे तू विचारले आहेस. अमेरिकेत परीक्षा घेऊन ही नोंदणी तेथील राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संघटना देते. या विषयाची मान्यताप्राप्त पदवी नसेल, तर अन्य पदवीसोबत विज्ञान विषयांचे किमान ३० श्रेयांक, गणित किंवा संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पुढे नोंदणी टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी २४ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. आपल्याकडे हेच काम महापालिकेचा स्वच्छता निरीक्षक, अन्न सुरक्षा अधिकारी, हिवताप विभागाचे कर्मचारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी यांच्यात वाटले गेले आहे. त्यामुळे परदेशी नोंदणीचा विचार पक्का असला, तरी आधी स्वच्छता निरीक्षक पदविका पूर्ण कर, असे माझे स्पष्ट मत आहे; महापालिकांच्या जाहिराती तीच मागतात.

अडते ते परीक्षेत नव्हे, त्या दोन वर्षांत. अनुभवाचा दाखला मिळवणे सोपे असते, परंतु समोरच्या वस्तूत रोगाचे कारण शोधण्याची सवय दाखल्याबरोबर येत नाही. त्यासाठी नागपूरसारखे दुसरे गाव नाही. उन्हाळाभर चालणारा कूलर पाऊस सुरू झाला की बंद होतो, पण खिडकीतून निघत नाही, आणि त्याच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो. तपासणीला गेलास की टॉर्च टाकीच्या तळाशी मारण्याआधी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पत्र्यावर मार. अंडी तेथे चिकटलेली असतात, कोरडी पडूनही ती महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की त्यातून अळ्या बाहेर येतात. म्हणूनच नुसते पाणी ओतून देणाऱ्या घरात पुढच्या फेरीला अळ्या पुन्हा सापडतात. टाकी ब्रशने घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेले पाणी रिकामे करून टाक्या-भांडी कोरडी करण्याचा दिवस, पाळायला सांगण्यामागे हाच हिशेब आहे. घरच्या काकूंना हे दोन वाक्यांत पटवता आले, तर दंडाच्या पावतीची गरज सहसा पडत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. पाण्यातला क्लोरीन रंगाने दाखवणारी ओटी टेस्ट जलकुंभाजवळच्या नळावर करून पिवळा रंग आला म्हणून समाधान मानू नकोस. वस्तीच्या अगदी टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळते का, ते पाहा. मिळाले नाही, तर गल्लीत टुल्लू पंप किती घरांनी थेट नळाला जोडले आहेत, याची चौकशी कर. पंपाच्या ओढीने वाहिनीतला दाब उतरतो आणि जोड गळका असेल, तर शेजारच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते. अशा वेळी केवळ जादा क्लोरीन टाकण्याची शिफारस करणारा अहवाल मला अपुरा वाटतो, मग तो कितीही वरिष्ठाने लिहिलेला असो.

अहवाल लिहिताना जे पाहिले आणि मोजले ते आधी, वेळ व जागेसह लिही. त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळ्या परिच्छेदात दे. ‘परिसर अस्वच्छ आढळला’ हे वाक्य सरकारी कागदांत फार चालते, पण त्यातून ना दुरुस्ती होते ना अपिलात काही टिकते. नळ कोणता, टाकी कोणाच्या घरची, अळ्या होत्या की कोष, हे लिहिले असेल, तर दुसरा निरीक्षक तुझ्या मागून जाऊन तेच तपासू शकतो.

नागपुरातील नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठीच सुरू झाली. तिथे प्रकल्प करण्याची संधी मिळाली, तर प्रयोगशाळेतले काम अवश्य शिक, मात्र नमुना बाटलीत भरण्याचे काम मदतनिसावर सोपवू नकोस.

अमेरिकी परीक्षेसाठी तेथील अन्नसंहिता, जलतरण तलाव आणि सेप्टिक टाक्यांचे नियम मात्र वेगळे बसून वाचावे लागतील. गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड अन्न ४१ अंशांच्या खाली, असे आकडे तेथे विचारतात. हे पाठांतर शेवटच्या दोन महिन्यांत होते. ते आतापासून घेऊन बसू नकोस.

तुझा हितचिंतक