'सेव्हरन्स' या मालिकेचा पहिला भाग बघून कंटाळा आला. पुढे बघावी का?

बघा. निदान पहिल्या सीझनचे नऊच्या नऊ भाग तरी बघा, मग काय ते ठरवा.

कंटाळा येण्याचं कारण माझ्या मते वेगळं आहे. 'ऑफिस आणि घर वेगळं ठेवणाऱ्या माणसांची गोष्ट' म्हणून तुम्ही बसलात, तर पांढऱ्याफटक कॉरिडॉरमधून चालणारी माणसं किती वेळ बघणार? ल्युमन कंपनीतल्या काही लोकांच्या मेंदूत चिप बसवलेली असते. आत गेलं की बाहेरचं आठवत नाही, बाहेर आलं की आतलं नाही. बायको गेल्याचं दुःख रोज काही तास तरी नको, म्हणून मार्क हे करून घेतो. इथवर तुम्ही पाहिलंच आहे.

आता आतल्या माणसाच्या बाजूने बघा. संध्याकाळी लिफ्टचं दार मिटतं आणि त्याच्या लेखी लगेच सकाळी उघडतं. झोप नाही, रविवार नाही. पगार बाहेरचा घेतो, सिनेमाला बाहेरचा जातो, याच्या वाट्याला फक्त टेबल आणि स्क्रीनवरचे आकडे. ते आकडे कशाचे, हेही कुणी सांगत नाही! नवीन आलेली हेली राजीनामा देते, तर तो मंजूर करायचा तिच्याच बाहेरच्या रूपाने. आणि ती बाई साफ नकार देते. करारावर सही एकीची, राबायचं दुसरीने. तिथून मालिका मला सोडवेना. सातव्या भागात एका कर्मचाऱ्याचा निरोप समारंभ आहे. बाहेरचा माणूस निवृत्त होऊन घरी बसणार, पण आतला? त्याचं तर आयुष्यच त्या दिवशी संपतं, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

अ‍ॅडम स्कॉटचा (मार्क) चेहरा लिफ्टमध्ये बदलतो तो क्षण परत बघा. कॅमेऱ्याची एक छोटी करामत सोडली तर सगळं काम चेहऱ्याचंच. ब्रिट लोअर (हेली) आणि ट्रॅमेल टिलमन यांना २०२५ मध्ये एमी (अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार) मिळालं, ते योग्यच. टिलमनचा मिलचिक, म्हणजे या लोकांवरचा सुपरवायझर, तर हसत हसत अंगावर काटा आणतो.

दुसरा सीझन (२०२५) मधल्या भागांत थोडा रेंगाळतो, हे मान्य. मला पहिलाच जास्त आवडला. आणि हो, नववा भाग रात्री उशिरा लावू नका, लगेच पुढचा लावल्याशिवाय राहवणार नाही.