नर्सिंगला जायचंय म्हणतोस ना, मग हे वाच

अरे,

तुझा मेसेज वाचला. मुलगा असून नर्सिंग कशाला, असं घरात सुरू आहे म्हणे. काकांशी मी बोलते, तू त्या वादात पडू नकोस, तुझ्यामागे दुसरी कामं आहेत.

प्रवेशाचं आधी सांगते. बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश लागतं, साधारण ४५ टक्के, राखीवला ४०, आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजेत. आपल्या राज्याची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते, १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटसाठी जे केलंयस ते फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीला पुरतं. पण इंग्लिश आणि नर्सिंग अॅप्टिट्यूडचे पण मार्क असतात आणि पोरं नेमकं तेच वाचून जात नाहीत. खरी पळापळ कागदांची होते. डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, कास्ट व्हॅलिडिटी, यातलं जे तुला लागू आहे ते आजच सुरू कर, डोमिसाइल आणि नॉन-क्रिमिलेयर तहसीलला, व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे, तिला तर वेळ लागतोच. आणि सीईटी बिघडली तर जीएनएम आहे, नर्सिंगचा ३ वर्षांचा डिप्लोमा, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री होते, त्यात कमीपणा काही नाही.

आता मेन मुद्दा. कॅपचा, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीचा) भरताना कॉलेजची बिल्डिंग बघू नकोस, त्याचं हॉस्पिटल बघ. नियमाने कॉलेजला १०० बेडचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं आणि एका स्टुडंटमागे ३ पेशंट. कागदावर हे सगळीकडे असतं. तू एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जा, ओपीडीत गर्दी आहे का बघ, मेल वॉर्डात डोकाव, किती बेडवर खरंच माणूस झोपलाय ते बघ. थर्ड इयरच्या पोरापोरींना चहा पाज आणि विचार की लेबर रूमची पोस्टिंग कुठे असते, सायकियाट्रीला कुठे नेतात, कॅज्युअल्टीत हात लावू देतात की भिंतीला टेकून उभं राहायचं. मी अशी ठिकाणं पाहिलीयत (नावं नाही घेत) जिथे काचेची लॅब आहे, सरावाचे पुतळे आहेत, एसी हॉल आहे आणि पोस्टिंगला गेलेली पोरं रिकाम्या वॉर्डात बसून फायली लिहितायत. त्यापेक्षा सरकारी बरं, मुंबईत जेजे, पुण्यात ससून, नागपूरचं मेडिकल, तिथे पंखा बंद असेल पण पेशंट एवढे की हात आपोआप बसतो. तुझ्यासाठी आणखी एक, मुलांचं हॉस्टेल आहे का ते आधी फोन करून विचार. काही कॉलेजं फक्त मुलींची आहेत, एएफएमसीचं (पुण्याचं लष्करी मेडिकल कॉलेज) नर्सिंग पण मुलींनाच आहे.

कोर्स ४ वर्षांचा, ८ सेमिस्टर. पहिल्या सेमला अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन. यात बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), माउथ केअर, स्पंजिंग (पेशंटचं अंग पुसणं) हे सगळं येतं, आणि इथेच अर्ध्या मुलांचं तोंड वाकडं होतं, की हे तर मावशी-मामांचं काम. नीट ऐक. स्पंजिंग करताना तू पेशंटची पाठ बघतोस, जी राउंडला डॉक्टर रोज बघतीलच असं नाही. माकडहाडापाशी कातडी लाल झालीय आणि दाबल्यावर पांढरी पडत नाही, म्हणजे बेडसोअरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. पायावर सूज आहे, बोट दाबलं तर खड्डा राहतो. सलाईनच्या जागी हात सुजलाय. आणि तेवढ्या वेळात आजोबा हळूच सांगतात की सकाळपासून लघवीच झाली नाही, ते राउंडला इतक्या लोकांसमोर लाजून बोलले नव्हते. हे सगळं हँडओव्हरला (ड्युटी बदलताना) सांगता येणारा स्टुडंट इन्चार्ज सिस्टरच्या लक्षात राहतो, आणि मग त्यालाच पुढची प्रोसिजर करायला बोलावतात.

फायलींचं सांगायलाच नको. केअर प्लॅन, ड्रग फाइल, लॉगबुक, केस स्टडी, संपत नाहीत. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी पुरते पण डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते, बुडवलेली पोस्टिंग सुट्टीत येऊन भरतात पोरं. पास व्हायला थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घे, महिन्याने ट्यूटरच्या मागे फिरत बसशील. सीनियरची फाइल उतरवू नकोस. परीक्षेला बाहेरून आलेला एक्स्टर्नल तुला पेशंटच्या बेडपाशी उभा करून विचारतो, तिथे उतरवलेलं काही उपयोगी पडत नाही.

मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं नर्सिंग, सहाव्या-सातव्या सेमला येते आणि तुला आत्तापासूनच तिची धास्ती असणार. ती टाळता येत नाही, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नर्स आणि मिडवाइफ असं दोन्हीचं होतं, मुलांना पण. एखादी बाई नको म्हणाली तर लगेच मागे हो, तिचा हक्क आहे तो, मनाला लावून घेऊ नकोस. नेहमी स्टाफ सिस्टरसोबतच आत जा, आधी विचार, मग हात लाव. पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा तक्ता) भरणं आणि बाळाची केअर यात इतका पक्का हो की सिस्टर स्वतः हाक मारतील. आठवं सेम इंटर्नशिपचं.

नोकरीचंही खरं तेच सांगते. एम्सच्या नॉरसेटमध्ये, म्हणजे नर्स भरतीच्या परीक्षेत, ८० टक्के जागा महिलांना असतात, २० पुरुषांना, त्यामुळे तुझा कटऑफ वर जाणार. अधिपरिचारिका (सरकारी स्टाफ नर्स) भरती आणि सीएचओचे (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) पण फॉर्म भरायचे. परदेशाचा विचार असला तर दोन वर्षं चांगल्या हॉस्पिटलात काढून मग, आणि इंग्लिश किंवा जर्मन मात्र कॉलेजात असतानाच सुरू कर.

अजून एक, हेपॅटायटिस बीचा पहिला डोस याच आठवड्यात घे. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, म्हणजे वॉर्डात सुया हाताळायला लागशील तोवर कोर्स पूर्ण होईल. कार्ड जपून ठेव, मेडिकल फिटनेसच्या वेळी मागू शकतात.

तुझी ताई