श्रीलंकेत समुद्रकाठाने गाडी चालवायची आहे. कोलंबो ते मातारा एका दिवसात होईल का?

होईल, पण मजा जाईल. अंतर साधारण १६० किमी. आपण सोलापूरकर पुण्याचे अडीचशे किमी चार तासांत मारतो, तो हिशोब इथे विसरा. किनाऱ्याचा ए-२ रस्ता गावागावांतून जातो. टुकटुक, बस, शाळकरी पोरं. ताशी ३०-३५ धरा.

माझा सल्ला उलटा आहे. जाताना आतल्या बाजूच्या दक्षिण एक्सप्रेस-वेने थेट मातारा गाठा आणि परतताना किनारा धरा. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. त्यामुळे परतीला समुद्र तुमच्या डाव्या हाताला येतो. शहाळी दिसली की गाडी कडेला घ्यायची, बस्स. जाताना हेच करायला समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते, आणि तिथल्या बस कुणासाठी थांबत नाहीत! शहाळं मात्र केशरी सालीचं मागा, त्याला 'तांबिली' म्हणतात.

मुक्काम गॉलच्या किल्ल्यात करा. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, डचांनी भक्कम केलेला. १९८८ पासून जागतिक वारसा. संध्याकाळी तटावर बसायचं. आम्ही तिथे कडक भाकरी-शेंगाचटणी सोडली, वाऱ्याने निम्मी चटणी समुद्राला गेली.

डिसेंबर ते मार्च जा. मे ते सप्टेंबर या बाजूला पावसाळा. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढा, पण तेवढ्यावर भागत नाही, तिथली मान्यताही घ्यावी लागते. गाडी देणाऱ्याला आधीच विचारा.