दुसऱ्याने केलं की चिथावणी, आपण केलं की संरक्षण: सरकारं हे ठरवतात कसं? आणि हे फक्त अमेरिकाच करते का?

सरकारांना स्वतःचा दुटप्पीपणा कळत नाही, असं अजिबात नाही. बंद दाराआड तो नीट कळतो. फक्त चारचौघांत कबूल करायचा नसतो. याचा पुरावा चक्क टेपवर आहे, म्हणून १९६२ च्या क्यूबाचं उदाहरण देतो.

१६ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये बैठक चालू होती. सोव्हिएत संघ क्यूबात क्षेपणास्त्रं बसवतोय, हे टेहळणी विमानाने काढलेल्या फोटोंवरून नुकतंच कळलं होतं. अध्यक्ष केनेडींनी खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करून ठेवली होती आणि हजर असलेल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांना हे सुचलं तरी कसं, यावर खल चालला होता. केनेडी म्हणाले, हे म्हणजे आपण अचानक तुर्कस्तानात अशी क्षेपणास्त्रं नेऊन ठेवण्यासारखं झालं, केवढं धोक्याचं! त्यावर सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी म्हणाले, आपण ठेवलीच आहेत की, मिस्टर प्रेसिडेंट.

खरंच ठेवली होती. तुर्कस्तानात इझमीरजवळ १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं आणि इटलीत आणखी ३०.

आता पुढची गंमत बघा. २२ तारखेला केनेडी टीव्हीवर आले आणि क्यूबातली क्षेपणास्त्रं ही जाणूनबुजून केलेली चिथावणी आहे, असं त्यांनी देशाला सांगितलं. तुर्कस्तानचं नावही काढलं नाही. मात्र एक वाक्य फार जपून घातलं होतं: आमची क्षेपणास्त्रं आम्ही कधीही लपवाछपवी आणि फसवणूक करून दुसऱ्या देशात नेलेली नाहीत. ‘नेलेली नाहीत’ एवढंच म्हणता येत नव्हतं, म्हणून मध्ये लपवाछपवी आली! अर्थात तो मुद्दा पोकळ नव्हता. ज्युपिटरचा निर्णय ‘नाटो’ने १९५७ मध्ये उघडपणे घेतला होता, तर चारच दिवसांपूर्वी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको केनेडींसमोर बसून ‘क्यूबाला आमची मदत फक्त बचावापुरती’ असं सांगून गेले होते. पण जाहीर करून रोखलेलं क्षेपणास्त्र कमी संहारक असतं, असं थोडंच आहे?

२७ तारखेच्या पत्रात क्रुश्चेव्हने हेच सुनावलं. क्यूबा तुमच्या किनाऱ्यापासून ९० मैलांवर आहे म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात. तुर्कस्तान तर आम्हाला खेटून आहे, आमचे पहारेकरी गस्त घालताना एकमेकांना पाहतात. त्याच रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनना सांगितलं की ज्युपिटर काढू, पण बोभाटा करायचा नाही. एप्रिल १९६३ पर्यंत ती निघालीही. सौदा झाकलेलाच राहिला. रॉबर्ट केनेडींच्या मृत्यूनंतर निघालेल्या त्यांच्याच पुस्तकातून त्याचा स्पष्ट उल्लेख आपणच काढला, हे केनेडींचे सहकारी सोरेन्सेन यांनी १९८९ मध्ये मान्य केलं. तोपर्यंत ‘केनेडी ठाम राहिले, क्रुश्चेव्ह नमला’ हीच गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती.

फक्त अमेरिकाच का, म्हणाल तर नाही. हंगेरीत १९५६ मध्ये उठाव चिरडायला रणगाडे घालणारं मॉस्को काही सोवळं नव्हतं. आणि क्यूबाच्याच त्या दिवसांत, २० ऑक्टोबरला, चीनने आपल्यावर हल्ला केला. बीजिंग त्याला आजही स्वसंरक्षणार्थ केलेला प्रतिहल्ला म्हणतं, कारण भारताने फॉरवर्ड पॉलिसीखाली, म्हणजे वादग्रस्त सीमाभागात पुढे सरकण्याच्या धोरणाखाली, उभारलेल्या चौक्या त्यांच्या लेखी चिथावणी होत्या. भारत आपला मानतो त्या अक्साई चीनमधून त्यांनी १९५७ पर्यंत रस्ता काढला, ती मात्र चिथावणी नाही. आपल्याकडे त्या चौक्या ‘आपल्याच जमिनीवरच्या’ होत्या, विषय संपला. तो निर्णय घेताना दिल्लीतल्या खोलीत कोण काय म्हणालं, हे केनेडींच्या टेपसारखं आपल्याला ऐकता येत नाही. त्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवालही सरकारने अधिकृतपणे अजून खुला केलेला नाही.