वाचक विचारतात: टाकी रिकामी आहे हे ठरवलं कोणी?

मागच्या अंकात माझ्या परसातल्या स्मोकरचा, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद आचेत मांस शिजवायच्या भट्टीचा, फोटो छापून आला, प्रोपेनची जुनी टाकी आडवी टाकून केलेला, आणि तेव्हापासून पत्रं येतायत ती थांबेनात. टेक्सासात राहायचं म्हणजे हे वेड कधी ना कधी लागतंच. इथे लोक तेलविहिरीचे पाइप, गॅसच्या टाक्या, जे जाड लोखंड हाताला लागेल त्याचं धुराडं करतात, पोस्ट ओकचं लाकूड लावतात आणि अख्खी रात्र आगीपाशी बसून काढतात. मी मूळचा पेणचा, पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) खाऊन वाढलेला, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून आपलंच वाटलं. पत्रं बरीच आहेत पण तीनच घेतोय, कारण पहिलं वाचून मला रात्री झोप लागली नाही.

प्रश्न: दादा, आमच्या ह्यांनी ग्रिलचा जुना २० पाउंडी सिलेंडर कापून छोटा स्मोकर करायचं डोक्यात घेतलंय. दोन आठवडे व्हॉल्व्ह उघडा ठेवलाय, वास येत नाही, फुस्स आवाज पण नाही, म्हणून म्हणतात रिकामाच आहे, येत्या शनिवारी लोखंड कापायचा ग्राइंडर लावतो. मला भीती वाटते. मी उगाच घाबरतेय का? (एक वाचक, डॅलसजवळून)

उत्तर: ताई, अजिबात उगाच नाही. छापायची वाट न बघता मी तुम्हाला त्याच दिवशी उत्तर पाठवलं ते यासाठीच, आणि इथे सगळ्यांसाठी परत लिहितो.

हल्लीच्या ग्रिलच्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह नीट बघा, बाहेरून जाड आटे असतात आणि त्याच्यावर होजचं मोठं प्लास्टिकचं नट हाताने बसतं. हा व्हॉल्व्ह होज जोडल्याशिवाय गॅस सोडतच नाही. वरची चाकी कितीही फिरवा, आत स्प्रिंगवर एक सील असते ती बंदच राहते, सुरक्षेसाठीच तशी केलीय. म्हणजे दोन आठवडे उघडा ठेवलाय असं तुम्हाला वाटतंय पण सिलेंडर दोन आठवडे बंदच आहे! आत किती गॅस आहे ते त्यातून काहीच कळत नाही.

वासाचं पण तसंच. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्याच्यात मर्कॅप्टन घालतात, कुजलेल्या कोबीसारखा वास येतो तो त्याचा. पण सिलेंडर आतून गंजला असेल तर तो गंज हा वास खाऊन टाकतो, गॅस असतो आणि वास नसतो. उलटंही होतं, गॅस निघून गेला तरी गंजात मुरलेला वास महिनोन् महिने राहतो. त्यामुळे नाकावर विसंबायचं नाही, ना असं ना तसं.

वजन करून बघितलं तर थोडा अंदाज येतो. कॉलरवर टीडब्ल्यू अक्षरांपुढे आकडा ठोकलेला असतो, साधारण १७-१८ पाउंड, ते रिकाम्या सिलेंडरचं वजन (२० पाउंड म्हणतात तो आत मावणारा गॅस). काट्यावर त्याच्यापेक्षा जास्त भरलं तर आत अजून द्रव गॅस आहे. पण बरोबर तेवढंच भरलं म्हणजे कापायला मोकळे असं नाही हो. द्रव संपला तरी वाफ असते, आणि हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के प्रोपेन असला की ठिणगीला तेवढं पुरतं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आहे, तळाशी बसून राहतो, व्हॉल्व्ह वर, गॅस खाली, तो आपण होऊन बाहेर यायचा कसा? भरलेला सिलेंडर एक वेळ बरा कारण आत हवा नसते, अर्धवट रिकामा आणि आत हवा शिरलेला सिलेंडर सगळ्यात वाईट.

ह्यांना सांगा, २० पाउंडी सिलेंडर जेमतेम १२ इंच व्यासाचा असतो, त्याच्यात धड दोन कोंबड्या मावत नाहीत, त्याच्यासाठी एवढा धोका कशाला. दुकानात देऊन बदली भरलेला घ्या आणि स्मोकर दुसऱ्या कशाचा तरी करा.

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनजवळच्या केटीच्या पुढे जुनं घर घेतलं, मागे १२० गॅलनची प्रोपेनची टाकी गवतात पडलेली आहे. मी कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकलोय, मशीन पण घेतलंय. फायरबॉक्स (आगीचा डबा) केवढा करू, चिमणी कुठे लावू, आणि दार कसं कापू? आम्ही बीफ खात नाही, चिकन, मटण आणि भाज्याच करणार. (एक वाचक, केटी)

उत्तर: टाकी मस्त आहे. पण मोजमापाच्या आधी दोन गोष्टी.

एक म्हणजे टाकी तुमची आहे का ते बघा. इथे गावाकडच्या घरांना गॅस कंपन्या टाकी भाड्याने देतात, घर विकलं तरी टाकी कंपनीचीच राहते. टाकीवरच्या पाटीवरचा नंबर घेऊन चौकशी करा.

दुसरं, व्हॉल्व्हचं पितळ जवळून बघा, हात न लावता. निळसर हिरवा थर दिसला तर तिथूनच मागे फिरा. शेतात खतासाठी अमोनिया वापरतात आणि कधीकधी लोक तो प्रोपेनच्या टाकीत भरून ठेवतात. अमोनिया पितळ आतून खातो, त्याला बारीक चिरा पडतात आणि पान्याचा नुसता धक्का लागला तरी व्हॉल्व्ह उडू शकतो. अशा टाकीसाठी सरळ फायर डिपार्टमेंटला फोन करायचा.

पितळ साफ असेल तर गॅसवाल्याला बोलवा आणि उरलेला गॅस काढून घ्या, स्वतः हवेत सोडत बसू नका, जड गॅस आहे, गवतातून सरपटत शेजाऱ्याच्या हीटरमधल्या सतत पेटत्या बारीक ज्योतीपर्यंत जातो. व्हॉल्व्ह पण त्यांच्याकडूनच काढून घ्या. मग पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून टाकी काठोकाठ भरायची, दोन दिवस ठेवायची, ओतायची, परत भरायची. १२० गॅलन पाणी म्हणजे हजार पाउंड वजन, तेव्हा टाकी सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. माझ्या टाकीतून पहिल्यांदा जे पाणी निघालं ते काळ्या चहासारखं होतं, वर तेलाचा तवंग, आणि वास इतका की शेजारीण विचारायला आली गटार फुटलं का म्हणून. तिसऱ्या पाण्याला ते निवळलं.

आणि पहिला काप. इथे माझं म्हणणं पक्कं आहे, पहिला काप घरी घेऊ नका. मी माझी टाकी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये नेली, त्यांनी आत नायट्रोजन सोडला, गॅस मीटर धरून बघितलं आणि मगच डिस्क लावली, सगळं माझ्यासमोर. लोक पाणी भरलेल्या टाकीवर वायरवाला ग्राइंडर चालवतात, स्फोट टाळायला जातात आणि शॉक ओढवून घेतात. एकदा टाकी मोकळी उघडली, आत हवा खेळली, की पुढचं सगळं तुम्ही घरी आरामात करा.

आता मोजमाप. फायरबॉक्सचं आकारमान मुख्य टाकीच्या एक तृतीयांश धरायचं. १२० गॅलन म्हणजे सुमारे २७,७०० घन इंच, त्याचा तिसरा हिस्सा ९,२०० च्या आसपास, म्हणजे २१ इंच लांब, रुंद, उंच असा चौकोनी डबा. पत्रा पाव इंची घ्या, पातळ घेतला तर दोन हिवाळ्यांत वाकतो आणि उष्णता पण धरत नाही. डबा टाकीच्या एका टोकाला थोडा खाली बसवायचा, खाली हवेसाठी सरकती झडप आणि राख ओढायला जागा ठेवायची.

चिमणी समोरच्या टोकाला, आणि तिचं तोंड आतून जाळीच्या उंचीवर आणायचं. पुष्कळ जण छताला भोक पाडून पाइप उभा करतात, मग गरम धूर वरच्या वर पळून जातो आणि खाली मांस कच्चं. मी ५ इंची पाइप लावलाय, ३ फूट उंच, ओढ छान आहे.

दाराबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण माझं पहिलं दार त्यातच गेलं. गोल टाकीच्या लोखंडात ताण भरलेला असतो, दाबून वाकवलेलंच असतं ना ते. मी चारही बाजू एका दमात कापल्या आणि शेवटचा अर्धा इंच तुटताना टणकन आवाज झाला, दार सपाट व्हायला गेलं आणि टाकी आत मिटायला, मधे अर्ध्या इंचाची फट. मग क्लॅम्प, जॅक, गरम करून ठोकणं, चार रविवार गेले आणि धूर तरी एका कोपऱ्यातून गळतच राहिला. शेवटी ते दार फेकलं.

बरोबर क्रम असा की खडूने दार आखून घ्या आणि आधी फक्त बिजागरीची बाजू कापा. तिथे बिजागऱ्या वेल्ड करा, दार अजून टाकीचाच भाग आहे तोवर. मग बाकीच्या तीन बाजू कापा पण दोन्ही कोपऱ्यांत इंच इंच लोखंड शिल्लक ठेवा. आता दाराच्या कडेने इंचभर रुंदीची पट्टी टाकीच्या गोलाईला वाकवून वरून बसवायची, अर्धी दारावर, अर्धी बाहेर फटीवर, आणि टाके फक्त दाराच्या बाजूला मारायचे. टाके एका रांगेत नको, एक इथे, एक पार तिकडे, मधे गार होऊ द्या, नाहीतर उष्णतेनेच दार पिळतं. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातले ते दोन इंच तोडायचे. माझं दुसरं दार असंच केलंय, बंद केलं की कागद सरकत नाही.

जाळी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) नको म्हणजे नको, तापली की जस्ताचा धूर निघतो. साधी लोखंडी किंवा स्टेनलेस. वेल्ड करताना सुद्धा जस्ताचा तुकडा मधे येऊ देऊ नका, अंगात ताप भरतो. टाकीचा जुना रंग शिसेवाला असू शकतो, तो रंग काढायचं केमिकल लावून ओला असतानाच खरवडा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. नवीन हाय-टेंपरेचर रंग फक्त बाहेरून. आतून रंग नाही, आधी एकदा मोठी आग करून आतलं सगळं जाळून काढा, मग खायचं तेल चोळा आणि ३-४ तास मध्यम आग ठेवा, आपण लोखंडी तवा तयार करतो अगदी तसंच.

पहिला स्वयंपाक म्हणून मटण टाकू नका. जाळीभर ब्रेडचे स्लाइस मांडा आणि १० मिनिटांनी दार उघडा. माझ्याकडे फायरबॉक्सजवळचे कोळसा, मधले छान बदामी, चिमणीकडचे पांढरेच, तुमच्या टाकीचा नकाशाच मिळतो तो. मग फायरबॉक्सच्या तोंडाशी एक जाड पत्रा तिरका लावला की उष्णता पुढे ढकलली जाते, सरकवत सरकवत बघायचं. थर्मामीटर जाळीच्या उंचीवर लावा, दाराच्या वरच्या भागात लावलेला भलतंच दाखवतो.

आग २२५ ते २७५ फॅरनहाइटच्या मधे धरा, म्हणजे सेल्सिअसमधे १०७ ते १३५. चिकनला यातलं वरचं तापमान बरं, नाहीतर कातडं रबरासारखं होतं, आतून १६५ फॅरनहाइट झालं की उतरवा. बकऱ्याचा खांदा २५० वर ५-६ तास, आतून १९५ च्या आसपास गेला की हाड हातात येतं. हळद, आलं-लसूण, आगरी मसाला लावून आदल्या रात्री ठेवा, इथला नुसत्या मीठ-मिऱ्याचा मसाला ब्रिस्केटला (बीफच्या छातीच्या मांसाला) शोभतो, बकऱ्याला आपलाच लागतो. वांगी तर थेट फायरबॉक्समधे निखाऱ्यावर टाका, तसं भरीत गॅसवर या जन्मात होणार नाही.

धुराचा रंग बघत राहा. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय, मांस कडू होणार. जवळजवळ दिसूच नये असा निळसर पातळ धूर हवा. त्यासाठी ६ महिने ते वर्षभर वाळलेलं लाकूड, आणि पाऊण तासाला एक फोड, एकदम चार नाही.

प्रश्न: आमच्याकडे घरगुती गॅसचा जुना लाल सिलेंडर आहे, कनेक्शन कुणी वापरत नाही. त्याचा असा स्मोकर होईल का? लाकूड कुठलं वापरावं? (एक वाचक, कराड)

उत्तर: नाही, त्याला हात लावू नका. तो १४.२ किलोचा सिलेंडर तुमचा नसतोच, तेल कंपनीचा असतो, तुम्ही फक्त डिपॉझिट भरलेलं असतं. एजन्सीत परत द्या, कागद असतील तर डिपॉझिट मिळेल.

त्यापेक्षा २०० लिटरचा पत्र्याचा पिंप घ्या, पण खाद्यतेलाचाच, केमिकलचा किंवा औषधाचा चालणार नाही, आणि पिंपालाही ठिणगी लावायच्या आधी साबणपाण्याने धुवाच. आतून लेप असेल तर आधी मोकळ्यावर दणदणीत आग करून तो पूर्ण जाळा. लाकडाला आंबा, पेरू, चिकू, बाभूळ सगळं उत्तम, वाळलेलं मात्र हवं. खोक्याचं चीडाचं लाकूड, प्लायवूड, रंगवलेल्या दाराच्या फळ्या नकोत. पॅलेट जाळणार असाल तर शिक्का बघा, एमबी अक्षरं दिसली तर त्याला विषारी वायूची प्रक्रिया केलेली असते, ते चुलीत सुद्धा घालू नका.

आणि थंडीत वालाच्या शेंगा आल्या की त्याच पिंपात भांबुर्डीच्या पाल्यात गुंडाळून शेंगा, बटाटे, अंडी लावून बघा. मडक्यातल्या पोपटीची सर येत नाही, पण दार उघडल्यावर जो वास येतो तो बराचसा तोच असतो. कराडकडे भांबुर्डी मिळाली का ते मला जरूर कळवा.