वजन 115 किलो असताना ठाण्यात सायकल चालवणं कितपत सुरक्षित आहे?

राहायला मानपाडा, वजन 115, डॉक्टर म्हणतायत सायकल चालवा आणि दुकानदार म्हणतोय ‘साहेब, तुमच्या वजनाला साधी सायकल टिकायची नाही’. शिवाय मुलाची जुनी गिअरची सायकल गॅलरीत पडून आहे ती चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मीही शंभर किलोच्या पुढचाच आणि ठाण्यातच सायकल चालवतो, म्हणून लिहितोय.

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. सायकलच्या माहितीपुस्तिकेत कमाल वजन दिलेलं असतं. बऱ्याच सायकलींचं ते 100 ते 120 किलोच्या दरम्यान असतं. कुठे हा आकडा नुसत्या स्वाराचा असतो, कुठे सायकल आणि सामान धरून, ते नीट वाचा. तुमचे 115, सायकलचे पंधराएक, पाणी-पंप-कुलपाचे दोन, म्हणजे बेरीज 130च्या पुढे गेली. तेवढी मर्यादा छापील दाखवेल त्याच्याकडूनच घ्या. ‘चालतं हो, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. घडीच्या सायकलींच्या नादी तर लागूच नका.

मर्यादेतली सायकल घेतलीत की फ्रेमची काळजी मिटली. आपल्यासारख्यांना दगा देतं ते मागचं चाक. बसल्यावर निम्म्याहून जास्त भार त्याच्यावर येतो. चाक फिरताना जमिनीच्या बाजूचे स्पोक क्षणभर सैल पडतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. आधीच ढिले असतील तर दर फेरीला हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकावर वाकत राहतात आणि एक दिवस तिथेच तुटतात. म्हणजे स्पोक तुटतो तो बहुधा खड्ड्यातल्या एका दणक्याने नाही, महिनोन्‌महिन्यांच्या ढिलाईने. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असायचे. दुधाचे कॅन लटकवून दूधवाले त्यावर वर्षानुवर्षं फिरले. आताच्या चकचकीत सायकलींना कधी 28, कधी त्याहूनही कमी. तुम्ही मागे 36 स्पोक आणि दुहेरी भिंतीची रिम मागा. 32 चालतील, पण मग चाक चांगल्या हाताने बांधलेलं हवं.

तपासायला काही लागत नाही. मागचं चाक उचलून धरा, शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबत पूर्ण फेरी मारा. जो सहज दबेल तो ढिला. बोटाने छेडलात तर एकाच बाजूच्या स्पोकचा आवाज साधारण सारखा यायला हवा. मध्येच एखादा ‘थड’ करतो, तो पकडायचा. गिअरच्या बाजूचे स्पोक मुळातच जास्त ताणलेले असतात, त्यामुळे दोन बाजूंचा आवाज वेगळा आला तर घाबरू नका. नवीन सायकल पहिले दोन आठवडे चालवली की मेकॅनिककडे न्या. ‘नुसता आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढू नका, स्पोकचा ताणही सारखा करा’ असं तोंडाने सांगा, नाहीतर पाच मिनिटांत चाक सरळ करून हातात देतात. वाटेत मागून ‘टिंग’ आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं, तर उतरा आणि चालत न्या. एक तुटला की शेजारच्यांवर भार वाढतो.

टायर किमान 35 मिमी रुंद असावा, 40-50 असला तर उत्तमच. हवा अंगठ्याने दाबून नाही, मीटरच्या पंपाने बघायची, दर आठवड्याला. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, पण वरच्या आकड्याकडे झुकती, आणि मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सीटच्या दांड्यावर ‘मिनिमम इन्सर्शन’ची रेघ असते, म्हणजे दांडा निदान तिथवर फ्रेमच्या आत हवा. उंच माणसं ती बाहेर काढून बसतात. आपल्या वजनाला दांडा तिथेच वाकू किंवा मोडू शकतो.

ब्रेक डिस्कचेच घ्या. वजन जितकं जास्त तितकी उतारावर उष्णता जास्त, आणि पावसात रिमचे ब्रेक आधी पाणी पुसतात, मग धरतात. म्हणूनच येऊरच्या डोंगरावर एवढ्यात जाऊ नका. चढताना दम लागतो हे सगळे सांगतात, पण आपली खरी परीक्षा उतरताना असते. वळणावर समोर टीएमटीची बस येते, पावसाळ्यात कडेला शेवाळ धरतं. पुढे कधी गेलात तर वळणाच्या आधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक दाबा-सोडा करत वापरा आणि बूड सीटवर मागे सरकवा.

घोडबंदर रोड सरावासाठी नाहीच. कंटेनर, मेट्रोच्या कामाने उखडलेला रस्ता, मध्येच लोखंडी पत्रे. ते ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक सरकतं. हिरानंदानी इस्टेटचे आतले रस्ते किंवा कोलशेतकडचे रुंद रस्ते, सकाळी सातच्या आत, हे बरं. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा उजेड असतानाही लावा.

गुडघ्यांसाठी हलका गिअर लावा आणि पाय भरभर फिरवा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट वर हवी. गादीसारखी मऊ सीट चांगली वाटते, पण त्यात हाडं रुततात आणि मांड्या घासतात. बसायच्या हाडांइतकी रुंद, जरा कडक सीट बरी. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तेवढाच जोर. डॉक्टरांना बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. छातीत दाबल्यासारखं वाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला तर थांबा आणि तडक हॉस्पिटल गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

आता मुलाची सायकल. तिची मर्यादा आधी शोधा. 130च्या पुढची ती बेरीज त्यात बसत असेल आणि फ्रेमच्या जोडांवर तडा किंवा गंज नसेल, तर नवीन सायकल घेण्याआधी फक्त मागचं चाक 36 स्पोकचं बांधून घ्या, दोन्ही टायर-ट्यूब आणि ब्रेकच्या केबल बदला. प्लास्टिकची पेडलं असतील तर तीही काढून धातूची लावा. मर्यादा सापडलीच नाही किंवा कमी निघाली, तर ती सायकल मुलालाच राहू द्या.